चांदी घेताना फसू नका : खरी-खोटी चांदी ओळखण्याच्या सोप्या पद्धती

खरिपाच्या भाताची झोडणी आटोपून भात विकले गेले, की कोकणातील शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा एकरकमी पैसा येतो. पेण तालुक्यातील हमरापूर परिसरात या सुगीच्या जोडीला दुसरीही एक सुगी असते. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतून गणेशमूर्तींचे अनेक कारखाने आहेत. श्रावण-भाद्रपदात मूर्ती रवाना झाल्या, की कारखानदारांचे व कारागिरांचे हिशेब होतात आणि घरोघरी थोडी शिल्लक पडते. दसरा, दिवाळी, लग्नसराई यांचे बेत याच शिलकीवर ठरतात. त्यातील काही भाग चांदीत जातो. लेकीचे पैंजण, सुनेची जोडवी, बाळाचे वाळे, गणपतीच्या चांदीच्या दुर्वा व मोदक, धनत्रयोदशीचे नाणे आणि थोडी अधिक ऐपत असेल तर चांदीची वीट.

पूर्वी चांदी ही गरिबाची गुंतवणूक समजली जात असे. आता तसे राहिले नाही. २०२५ या एका वर्षात चांदीचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या पुढे आणि वर्षअखेरीस दोन लाखांच्याही पुढे गेला. भाव चढला की खोटा माल बाजारात येतो, हा जुना अनुभव आहे. ज्या पैंजणात पूर्वी भेसळ करून विक्रेत्यास शे-दोनशे रुपये सुटत, त्याच पैंजणात आज हजारो रुपये सुटतात. म्हणून वर्षाच्या कष्टाचा पैसा चांदीत घालण्यापूर्वी खोटेपणाचे प्रकार, ते ओळखण्याच्या पद्धती आणि त्या पद्धतींच्या मर्यादा आपणांस ठाऊक असणे जरुरीचे आहे.

हमरापूरच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. शाडूच्या किंवा प्लॅस्टरच्या मुकुटावर रुपेरी रंगाचा हात फिरविला, की चार हातांवरून तो मुकुट चांदीचाच वाटतो. पृष्ठभागावरून आतील पदार्थाची पारख होत नाही. या लेखातील सर्व पद्धतींचा पाया हाच आहे.

खोटेपणाचे प्रकार

१) जर्मन सिल्व्हर : नावात 'सिल्व्हर' असले तरी या धातूत चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल व जस्त यांचा हा मिश्रधातू आहे. दिसावयास पांढरा, टिकाऊ व स्वस्त असल्याने ताटे, तबके, निरांजने, फुलपात्रे यांसाठी तो सर्रास वापरतात. जर्मन सिल्व्हर म्हणून विकला तर त्यात गैर काही नाही. चांदी म्हणून विकला तर ती फसवणूक होय.

२) मुलामा : तांबे, पितळ किंवा जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवितात. नाणी, देवाच्या मूर्ती, समया आणि दुर्वा-मोदकांत हा प्रकार अधिक आढळतो. वापराने कडा व उंचवटे झिजले, की आतील तांबूस किंवा पिवळसर धातू डोकावू लागतो.

३) कमी टंचाची चांदी : हा सर्वात अधिक आढळणारा आणि ओळखण्यास सर्वात कठीण प्रकार आहे. वस्तू चांदीचीच असते, परंतु शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी सांगून प्रत्यक्षात साठ-सत्तर भागच असते. उरलेले बहुधा तांबे असते. अगदी शुद्ध चांदी मऊ असल्याने दागिन्यात थोडे तांबे मिसळावेच लागते. प्रश्न मिसळण्याचा नसून किती मिसळले हे खरे सांगण्याचा आहे.

४) डाक व भराव : पैंजणांच्या कड्या जोडताना वापरलेला डाक हलक्या धातूचा असतो. कामात जितके सांधे अधिक, तितका डाक अधिक. पोकळ वाळे, तोडे, मूर्ती यांत लाख भरलेली असते. या सर्वांचे वजन चांदीच्याच भावाने लावले गेले तर नुकसान होते.

५) बनावट विटा व लगडी : आत तांबे किंवा शिसे घालून बाहेरून चांदीचे जाड आवरण देतात व वर एखाद्या नामांकित शुद्धीकरण कारखान्याचा शिक्का उठवितात. विटेची किंमत मोठी असल्याने एका व्यवहारात वर्षाची पुंजी जाते.

६) जुने रुपये : 'राणी छाप' व 'राजा छाप' रुपयांना गावोगाव मागणी आहे. त्यामुळे त्यांच्या नकलाही पुष्कळ निघतात. यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आकडा ठसविला म्हणजे हॉलमार्क नव्हे

पुष्कळ लोक दागिन्यावर ९२५ हा आकडा पाहिला की निर्धास्त होतात. असा आकडा कोणीही पंच घेऊन ठोकू शकतो. हॉलमार्क म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने मान्यता दिलेल्या परीक्षण केंद्रात तपासणी होऊन उमटविलेली खूण होय. आपल्या देशात सोन्यासाठी ही योजना २००० साली व चांदीसाठी २००५ साली सुरू झाली.

सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती झाली. चांदीचे तसे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, परंतु ती ऐच्छिक ठेवण्यात आली. म्हणून हॉलमार्क नसलेली प्रत्येक वस्तू खोटी असे समजू नये. मात्र हॉलमार्क असलेली वस्तू मिळत असेल तर तीच मागावी.

नव्या पद्धतीच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात :

(अ) मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह व त्यासोबत 'सिल्व्हर' हा इंग्रजी शब्द,
(आ) शुद्धतेचा आकडा,
(इ) सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजेच एचयूआयडी.

सुधारित मानकाप्रमाणे (आय.एस. २११२ : २०२५) चांदीचे सात दर्जे ठरविले आहेत : ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९. हे आकडे हजारातील भाग दाखवितात. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. ओळख क्रमांक मोबाईलवरील 'बीआयएस केअर' या शासकीय ॲपमध्ये घातला, की वस्तूचा प्रकार, शुद्धता, विक्रेता व परीक्षण केंद्र यांची माहिती दिसते. ती माहिती हातातील वस्तूशी ताडून पाहावी. क्रमांक खरा, परंतु ॲपमध्ये पैंजण दिसते आणि हातात वाटी आहे, असे झाल्यास व्यवहार करू नये. सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या हॉलमार्कवर हा क्रमांक नसेल, हेही लक्षात ठेवावे.

ही योजना दागिने व वस्तूंसाठी आहे. विटेच्या बाबतीत शुद्धीकरण कारखान्याचे नाव, विटेचा अनुक्रमांक, वजन व शुद्धता हे विटेवर कोरलेले असावे आणि तेच तपशील पावतीवर उतरविलेले असावेत.

घरी करता येण्याजोग्या चाचण्या

घरच्या चाचण्यांचा उपयोग ढोबळ खोटेपणा पकडण्यासाठी होतो. टंच नेमका किती हे त्यांनी कळत नाही. प्रत्येक चाचणीची मर्यादा समजून घेऊनच ती करावी.

लोहचुंबक : चांदी चुंबकास चिकटत नाही. वस्तू चिकटली तर तिच्यात लोखंड किंवा निकेल आहे हे नक्की. परंतु चिकटली नाही म्हणजे ती चांदीच आहे असे मुळीच नाही. तांबे, पितळ, शिसे, जस्त, ॲल्युमिनियम आणि सामान्य जर्मन सिल्व्हरही चुंबकास चिकटत नाही. पैंजणाच्या फिरकीत किंवा मळसूत्रात कधी कधी पोलादी स्प्रिंग असते. तेवढाच भाग चिकटला तर त्यावरून सर्व दागिना खोटा ठरवू नये.

बर्फ : चांदीवर बर्फ झपाट्याने वितळतो, कारण उष्णता वाहून नेण्यात चांदी सर्व धातूंत पुढे आहे. परंतु तांबेही याबाबतीत तिच्या अगदी जवळचे आहे. म्हणून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या विटेवर ही चाचणी फसते.

आवाज : खरे नाणे दगडी फरशीवर टाकले असता स्वच्छ व लांबणारा आवाज येतो, शिशाचे नाणे 'थप्प' वाजते. सवयीच्या कानास याचा उपयोग होतो. मात्र जर्मन सिल्व्हरचा आवाजही चांगला असतो.

काळेपणा : हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते. वर्षानुवर्षे वापरूनही जी वस्तू पांढरी शुभ्र राहते तिच्याविषयी शंका घ्यावी. मात्र काही दागिन्यांवर ऱ्होडियम या धातूचा मुलामा असतो व ते काळे पडत नाहीत. याउलट वस्तूवर हिरवट डाग पडू लागले तर तांबे अधिक असल्याचे ते लक्षण आहे.

पाण्यातील वजन : घरगुती चाचण्यांत ही सर्वात विश्वसनीय होय. चांदी जड धातू आहे. एक घन सेंटिमीटर शुद्ध चांदीचे वजन १०.४९ ग्रॅम भरते. तितक्याच आकाराच्या तांब्याचे ८.९६, पितळ व जर्मन सिल्व्हरचे सुमारे साडेआठ, लोखंडाचे ७.८७ आणि शिशाचे ११.३४ ग्रॅम भरते. म्हणून सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी खोटी वस्तू बहुधा अधिक जागा व्यापते व अधिक पाणी सारते.

कृती पुढीलप्रमाणे करावी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. प्रथम वस्तू कोरडी तोलून वजन लिहून ठेवावे. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. वस्तू बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी अधांतरी धरावी. ती पेल्याच्या तळास किंवा बाजूस टेकता कामा नये, तसेच तिला हवेचे बुडबुडे चिकटलेले नसावेत. आता काटा जो आकडा दाखवील तो सारलेल्या पाण्याचे वजन होय. कोरड्या वजनास या आकड्याने भागावे. भागाकार १०.३ ते १०.५ आला तर वस्तू चांगल्या चांदीची असण्याचा संभव आहे. ९ च्या आत आला तर ती चांदी नव्हे.

१०० ग्रॅम वजनाची भरीव वस्तू किती पाणी सारते ते पाहा :

शुद्ध चांदी : ९.५३ ग्रॅम
९२५ दर्जाची चांदी : ९.६६ ग्रॅम
८०० दर्जाची चांदी : ९.८६ ग्रॅम
तांबे : ११.१६ ग्रॅम
जर्मन सिल्व्हर किंवा पितळ : सुमारे ११.५ ते ११.९ ग्रॅम
लोखंड : १२.७ ग्रॅम
शिसे : ८.८२ ग्रॅम

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतील. चांदी व जर्मन सिल्व्हर यांत दोन ग्रॅमचा फरक असल्याने तो सहज पकडता येतो. परंतु ९२५ आणि ८०० या दर्जांत जेमतेम ०.२० ग्रॅमचा फरक आहे. म्हणजे कमी टंचाची चांदी ओळखण्यास ही चाचणी पुरी पडत नाही. तसेच शिसे चांदीहून जड व तांबे हलके असल्याने दोन्ही बेताने घालून विटेची घनता चांदीइतकी जुळविता येते. म्हणून विटेसाठी केवळ या चाचणीवर विसंबू नये. घुंगरू लावलेले पैंजण, पोकळ किंवा लाख भरलेले दागिने यांनाही ही चाचणी लागू पडत नाही, कारण आतील हवा व लाख पाण्यातील वजन बिघडवितात.

आम्लाची चाचणी घरी करू नये : कसोटीवर ओरखडा ओढून त्यावर आम्लाचे द्रावण टाकण्याची सराफांची पद्धत जुनी आहे. नायट्रिक आम्ल व पोटॅशियम डायक्रोमेट यांच्या द्रावणाने चांगल्या चांदीचा ओरखडा रक्तासारखा लाल होतो. तांबे अधिक असलेल्या धातूवर नुसते नायट्रिक आम्ल टाकले तर हिरवा फेस येतो. परंतु हे आम्ल कातडी व डोळे जाळते आणि त्याच्या वाफा घातक असतात. घरात मुलेबाळे असतात. म्हणून ही परीक्षा सराफाकडूनच, परंतु आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. मुलामा दिल्याची शंका असेल तर वस्तूच्या आतील बाजूस किंवा तळाशी कानशीने किंचित तासून मगच परीक्षा करावयास सांगावे. नुसत्या पृष्ठभागावर घेतलेली परीक्षा मुलाम्याचीच परीक्षा ठरते.

यंत्राची परीक्षा व तिची मर्यादा

आता अनेक पेढ्यांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने टंच सांगणारे यंत्र असते. मिनिटभरात कागद हाती येतो. दागिन्यासाठी ही सोय चांगली आहे. मात्र हे यंत्र पृष्ठभागाजवळचा पातळ थरच वाचते. चांदीचे आवरण जाड असेल तर आतील तांबे त्यास दिसत नाही. मोठी खरेदी असेल तर वीट कापून किंवा तिला बारीक छिद्र पाडून आतील धातूची तपासणी करवून घ्यावी. मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रात ठरावीक शुल्क भरून ग्राहकासही वस्तू तपासून मिळते.

आपल्या राज्यात या विद्येची परंपरा मोठी आहे. मराठेशाहीत सरकारी खजिन्यातील नाण्यांची पारख करण्याचे काम पोतदाराकडे असे. त्या काळी चांदवडी, अंकुशी असे नाना प्रकारचे रुपये चालत व कमी कसाच्या नाण्यास बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला बोलण्यातला प्रयोग त्याच व्यवहाराची आठवण देतो. आजही सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभरातील शहरांतून सोने-चांदी गाळण्याचे काम करतात, तर कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. खरा जाणकार जवळ उपलब्ध असताना अनोळखी फेरीवाल्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही.

जुने रुपये घेताना

१८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा होते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के चांदी असे. अशा एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली गेली. वजन तेच, परंतु शुद्ध चांदी अवघी ५.८३ ग्रॅम. १९४६ व १९४७ सालचे रुपये तर निकेलचे आहेत. त्यांत चांदी मुळीच नाही व ते लोहचुंबकास चिकटतात. म्हणून 'राजा छाप' आहे एवढे ऐकून पैसे मोजू नयेत. प्रथम नाण्यावरील साल वाचावे. १९३८ चा रुपया व १९४२ चा रुपया हातात सारखेच वाटतात, पण चांदीच्या हिशेबाने दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या निम्म्याहून थोडी अधिक एवढीच आहे.

नकली रुपया ओळखण्यास पाण्यातील वजनाची पद्धत फार उपयोगी पडते. १९३९ पूर्वीचा पूर्ण वजनाचा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी सारतो, निम्म्या चांदीचा १.२२ ग्रॅम आणि तितक्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा नकली रुपया १.३४ ग्रॅम किंवा अधिक. दहा नाणी एकत्र तोलल्यास फरक अधिक स्पष्ट होतो. मात्र दहा चांगल्या नाण्यांत एखादे खोटे मिसळले असेल तर ते अशा वेळी लपते. म्हणून संशयित नाणे एकेकटे तोलावे. जुनी नाणी झिजलेली असल्याने वजन किंचित कमी भरणे स्वाभाविक आहे. परंतु नक्षी ताजी, अक्षरे ठळक आणि वजन मात्र कमी, असे असेल तर नाणे संशयास्पद समजावे. खात्रीचे एक नाणे जवळ ठेवून व्यास, जाडी व कडेवरील रेघा ताडून पाहाव्यात. हलक्या धातूचे वजन जुळवावयाचे तर नाणे जाड करावेच लागते, त्यामुळे जाडीत चोरी सापडते.

स्वातंत्र्यानंतरचीही काही नाणी चांदीची आहेत. गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे. दुर्मीळ सालाच्या नावाखाली चांदीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मागितली गेली, तर नाणेतज्ज्ञास दाखविल्यावाचून व्यवहार करू नये.

'जमिनीत सापडले' म्हणणाऱ्यापासून सावध

खोदकाम करताना नाण्यांचा हंडा किंवा चांदीच्या विटा सापडल्या, गाजावाजा नको म्हणून निम्म्या भावात देतो, असे सांगत येणारी माणसे ठिकठिकाणी लोकांना फसवितात. ती नमुन्यादाखल एक-दोन नाणी देतात. ती खरीच असतात. सोनाराकडे नेऊन खात्री केली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि मोठ्या रकमेच्या व्यवहारात मात्र जर्मन सिल्व्हरचा किंवा पितळेचा माल हाती पडतो. नमुना खरा निघाला म्हणून उरलेला माल खरा ठरत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

शिवाय असा व्यवहार मुळातच बेकायदेशीर आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणजे माल खोटा निघाला तर पैसे गेले आणि खरा निघाला तर कायद्याच्या कचाट्यात सापडलो, अशी दुहेरी अडचण. फसलेला मनुष्य लाजेने व भीतीने तक्रार करीत नाही आणि ठकाचे तेवढ्यावरच भागते. माल चोरीचा असेल तर तो जाणूनबुजून घेणे हाही भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे.

दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्यांपासूनही तितकेच सावध राहावे. त्यांच्या पाण्यात आम्ल असते. दागिना चकचकीत होतो, परंतु त्यातील चांदी विरघळून त्यांच्या भांड्यात राहते. घरातील स्त्रिया व वडीलधारी माणसे एकटी असताना ही मंडळी येतात, म्हणून ही माहिती घरात सर्वांना द्यावी.

पावती व हिशेब

ग्रामीण भागात चांदी अजूनही 'भार' किंवा 'तोळा' या मापाने बोलली जाते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणण्याची पद्धत आहे. या गोंधळात पडू नये. भाव व वजन दोन्ही ग्रॅममध्येच विचारावे व लिहून घ्यावे. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू मुदतीचा शिक्का आहे का, तेही पाहावे.

पावतीवर पुढील बाबी असाव्यात : वस्तूचे नाव, निव्वळ वजन, शुद्धतेचा आकडा, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, ३ टक्के जीएसटी, विक्रेत्याचे नाव व पत्ता. नोंदणीकृत विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो व महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. 'पावती नको असेल तर थोडे कमी घेतो' या बोलण्याला भुलू नये. तीन टक्के वाचविण्याच्या नादात दाद मागण्याचा मुख्य पुरावाच जातो. 'शुद्ध चांदी' असे मोघम न लिहिता ९२५ किंवा ९९९ असा आकडा लिहून घ्यावा.

हे किती महत्त्वाचे आहे ते उदाहरणावरून कळेल. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. ९२५ दर्जाच्या २०० ग्रॅम पैंजणांत १८५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १८,५०० रुपयांचा धातू असावयास हवा. तेच पैंजण प्रत्यक्षात साठ टक्क्यांचे निघाले तर त्यात १२० ग्रॅम, म्हणजे १२,००० रुपयांचीच चांदी आहे. फरक ६,५०० रुपयांचा झाला. आजचा भाव ज्या पटीने अधिक असेल त्या पटीने हे नुकसान वाढते. ते कळते मात्र पुष्कळ वर्षांनी, अडीअडचणीला दागिना मोडावयास नेल्यावर.

गहाण ठेवतानाही हाच प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निदेशांत चांदीचे दागिने व नाणी तारण घेण्याविषयी नियम घालून दिले आहेत. ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणावयाचे होते. त्यांप्रमाणे एका कर्जदाराचे १० किलोपर्यंतचे चांदीचे दागिने व ५०० ग्रॅमपर्यंतची चांदीची नाणी तारण घेता येतात. विटेवर मात्र कर्ज देता येत नाही. तेव्हा अडचणीच्या वेळी तारण ठेवण्याच्या हेतूने चांदी घ्यावयाची असेल तर वीट घेऊ नये. केवळ बचत म्हणून चांदीत पैसा घालावयाचा व वस्तू घरात ठेवावयाची नसेल, तर २०२२ पासून उपलब्ध झालेल्या चांदीच्या ईटीएफ योजनांचाही विचार करता येईल. त्यात शुद्धतेची काळजी नसते, भाव उतरण्याची जोखीम मात्र राहतेच. आणि पीककर्ज थकलेले असेल तर चांदीआधी ते फेडणे केव्हाही शहाणपणाचे.

फसवणूक झाल्यास

हॉलमार्क असलेला दागिना दर्शविलेल्या शुद्धतेपेक्षा कमी निघाला, तर मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्राहकास शुद्धतेतील तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई व परीक्षण शुल्क मिळण्याची तरतूद आहे. वरील उदाहरणात ही भरपाई १३,००० रुपये व शुल्क एवढी होईल. तक्रार 'बीआयएस केअर' ॲपवरूनही करता येते.

हॉलमार्क नसला तरी हातात पावती असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दाद मागता येते. रायगड जिल्ह्यासाठी ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबाग येथे आहे. खरेदी मुंबई-पुण्यास केलेली असली तरी ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ हा आहे. फेरीवाल्याने किंवा अनोळखी टोळीने फसविले असेल तर विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. वस्तू, वेष्टन, चिठ्ठी, मोबाईलवरील संदेश यांपैकी काहीही फेकून देऊ नये.

खरेदीपूर्वी हे करा

१. त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्या. बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त चांदी कोणी देत नाही.
२. हॉलमार्कची वस्तू मागा व ओळख क्रमांक दुकानातच तपासा.
३. वजन ग्रॅममध्ये, शुद्धता आकड्यात आणि घडणावळ वेगळी लिहून घ्या.
४. मोडीच्या वेळी कोणत्या हिशेबाने परत घेणार, ते खरेदीच्या वेळीच विचारा.
५. जुन्या रुपयावरील साल वाचा, प्रत्येक नाणे वेगळे तोला.
६. वीट घेताना आतील धातूची तपासणी झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.
७. पावती घरातील जमिनीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल, लॉट क्रमांक व मुदत पाहतो, पावती घेतो आणि शंका असल्यास मूठभर दाणे ओल्या फडक्यात घालून उगवण तपासतो. बियाण्याची पिशवी काही शे रुपयांची असते. चांदीच्या खरेदीत त्याच्या कितीतरी पट रक्कम गुंतलेली असते. तेव्हा निदान बियाण्याइतकी चौकशी चांदीचीही करावी. प्रामाणिक सराफास आपल्या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यास येतो त्याच्याकडून खरेदी करू नये.